शिकागो किती मुक्काम?

विहीणबाई,

तुम्हाला जाऊन आज किती दिवस झाले, हे कुणी विचारलं तर मला धड सांगता येईना. व्याही म्हणतात, सहा. माझ्या बोटांवर बी सहाच येतात. पण सकाळी तिकडनं संजयचा फोन आला, तर तो म्हणतो, "आई, आमच्याकडं अजून बुधवारच चाललाय." शुक्रवार ते बुधवार म्हंजी पाच. मग माझ्या ध्यानात आलं, तुम्ही शुक्रवारी पहाटे गेला तवा त्यांच्याकडं अजून गुरुवारच होता. म्हंजी परत सहा. मी फोन ठेवला आन् कॉटवर बसून राहिले. असलं काही डोक्यात शिरलं की मी तुम्हालाच दौंडला फोन लावायची. तुमचं उत्तर हमखास चुकीचं असायचं, पण तुम्ही ते असं ठासून सांगायचा की माझं डोकं शांत व्हायचं. आता कुणाला लावू?

तुम्ही गेला हे साऱ्या दौंडला कळलं, शिरूरला कळलं, चौफुल्याच्या रसवंतीवाल्याला सुद्धा कळलं. कळू दिलं न्हाई ते एकट्या मंगलला. तुमच्या लेकीला, माझ्या सुनेला. तिचा आठवा सरत आलाय, रक्तदाब वाढलाय, तिथली डॉक्टरीण म्हणाली हिला कसला धक्का देऊ नका. संजय फोनवर रडत रडत म्हणाला, "आई, बाळ होऊ दे सुखरूप. मग तू इथं असशीलच, तूच सांग." व्याह्यांनी मान हलवली. उद्या रात्री माझं विमान. म्हंजी हे न सांगितलेलं पोटात घेऊन मी मुंबईपासून शिकागोपर्यंत उडायचं, उतरल्यावर पोरीला जवळ घ्यायचं, आन् तिनं "आई कशी हाय?" विचारलं की हसून म्हणायचं, "बरी हाय की, तिला काय धाड भरलीय." मला हे जमंल का, ह्याचाच मी रोज विचार करीत होते. आन् काल संकष्टी आली. त्या संकष्टीचं तुम्हाला सांगायला बसलेय. पण पहिल्यापासून सांगते, न्हाईतर माझाच गोंधळ व्हायचा.

जगाच्या लेखी मी पोराची आई, मानाची विहीण. लग्नात तुम्ही माझे पाय धुतले तवा मी पाय जरा जास्तच पुढं केला होता, हे तुम्ही मला वर्षानुवर्षं ऐकवलं. "एक पाय धुतला तर दुसरा आपसूक आला," म्हणायचा. अहो, रीत होती ती! पण पोरं तिकडं गेल्यावर आपल्यात मान-पान कुठला उरला? दोघींची घरं रिकामी, दोघींचं लक्ष फोनकडं. शिरूर ते दौंड म्हंजी काय फार लांब न्हाई. पण न्हावऱ्यावरनं चौफुल्याला यायचं, तिथं सावली धरून दुसऱ्या गाडीची वाट बघायची, मग पाटस, मग दौंड. सकाळी निघालेली बाई दुपारच्या चहाला पोचणार, ती बी एष्टीची मर्जी असली तर. तुम्ही दारातच म्हणायचा, "मंगल एका दिसात अमेरिकेला जाती आन् आमच्या विहीणबाईला शिरूरवरनं यायला दिस जातो. मग लांब कोण ऱ्हातं सांगा बघू." मी पिशवी खाली ठेवायची आन् म्हणायची, "आधी पाणी द्या, मग भांडा."

तुमचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. आमच्याकडं मेंढरं आजेसासऱ्यांच्या काळातच सुटली, आम्ही भाजीपाला आन् फुलं लावून बसलो. तुम्ही मात्र लग्न होईस्तोवर दरसाल घाट उतरून कोकणात जाऊन आलेल्या. त्यामुळं तुम्हाला किलोमीटर सांगून काही उपयोग नसायचा. पोरं पहिल्यांदा निघाली तवा तुम्ही संजयला विचारलं, "जावईबापू, शिकागो किती मुक्काम?"

"मामी, तेरा हजार किलोमीटर हाय."

"ते ऱ्हाऊ द्या. मुक्काम किती?"

मग तुम्ही सांगितलं, मेंढरं घेऊन दिवसाला दहा-बारा किलोमीटर होतात, कोकरं असली की कमी. संजयनं कागदावर भागाकार केला आन् म्हणाला, तीन वर्षांच्या वर लागतील. आम्ही समदे हसलो. तुम्ही न्हाई हसला. तुम्ही गंभीरपणे म्हणाला, "म्हंजी लेकीच्या बाळंतपणाला निघाले तर नातवाला शाळेत घालायच्या वक्ताला पोचंन." आन् जरा थांबून, "वाटंत पाणी हाय का?"

"मामी, वाटंत पाणीच हाय," संजय म्हणाला.

तवा कुठं तुम्ही हसला. पण मंगलकडं बघितलं न्हाई. मला ते दिसलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरचं, दुसरं सासरचं, म्हणून ओमच्या वेळी तुम्ही गेला. त्या तिकिटावरनं आपण किती डोकं फोडलं! मुंबईतून रात्री दोनला निघायचं आन् त्याच दिवशी दुपारी दोनला तिथं पोचायचं. तुम्ही म्हणाला, बारा तास, काय मोठंसं न्हाई. संजय म्हणाला, बारा न्हाई मामी, साडेबावीस. मधे जर्मनीत विमान बदलायचं, तिथला थांबा सोडला तर नुसतं उडायचंच अठरा तास.

"मग साडेधा गेले कुठं?"

"गेले न्हाईत. उलट मिळाले."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"मला कुणी दिले?"

फोनवर संजयनं हात टेकले. मग आमच्या मालकांनी पेरू आन् बॅटरी घेतली, दिवा धरला, पेरू फिरवला, हे दौंड, हे शिकागो, इकडं उजेड, तिकडं अंधार. तुम्ही नीट बघितलं. मालक हात धुवायला गेले तवा तुम्ही पेरू खाऊन टाकला. मला तरी कुठं काय कळलं होतं? मी नुसती मान हलवत होते, नवऱ्याचं वाईट दिसू नये म्हणून.

आन् नेमकी त्याच दिवशी संकष्टी! मी म्हणलं, एवढ्या बारीला सोडा. तुम्ही म्हणाला, "गणपतीला काय सांगू, विमान होतं म्हणून?" जाताना यवतच्या ढाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ली ती शेवटची. मुंबईत संजयनं सांगून ठेवलेली चाकाची खुर्ची आली, म्हंजी वाट चुकायला नको. तुम्ही त्या पोराला म्हणाला, "बाबा, मी घाट चढलेली बाई हाय, तू बस, मी ढकलते." हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलं की मला वाटतं मी तिथंच उभी होते.

विमानातलं तुम्ही एकदाच सांगितलं, पण मी पुष्कळांना सांगितलंय. पुढचं विमान सूर्याच्या संगतीनं चाललेलं, त्यामुळं दिवस काही सरेना. खिडकीतून बघावं तर ऊन. दोन घटका झोपून उठावं तर तेच ऊन. जेवणाचं ताट आलं, परत पाठवलं. दुसरं आलं, तेही पाठवलं. शेजारचा गोरा म्हातारा काळजीत पडला, स्वतःचं केळं तुमच्यापुढं धरायला लागला. तुम्ही त्याला समजावं म्हणून बोट वर केलं, चंद्र, चंद्र. त्यानं उठून तुमच्या डोक्यावरचा दिवा लावून दिला. बिचारा! तुम्ही त्याला हात जोडले आन् तो दिवा उतरेपर्यंत तसाच ठेवला.

घरी पोचला तर डोळ्यांपुढं अंधारी. नऊ महिन्यांची पोटुशी मंगल आईला धरतेय आन् आई म्हणतेय, चंद्र उगवला न्हाई. शेवटी संजयनं मला उठवलं, आमच्याकडं मध्यरात्र उलटलेली. मी झोपेतच खेकसले, "विहीणबाई, आमचा चंद्र कवाच माथ्यावर आला. जेवा गुमान!"

"कॅलेंडरात बघितला का आभाळात?"

खोटं कशाला बोलू? "कॅलेंडरात," मी म्हणलं.

"मग ऱ्हाऊ द्या."

तिथला चंद्र उगवेस्तोवर तुम्ही खिडकीत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी आपणहून फोन केला, मोठा खजिना सापडल्यावानी. "विहीणबाई, तोच हाय हो. वरनं चावलेला. तोच."

हे आपलं कायमचं भांडण. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ बघणार, घड्याळ बघणार, नैवेद्य दाखवून ताट घेणार. चंद्र ढगात असो का नारळीमागं, मला काय त्याचं? साऱ्या आयुष्यात मी उपास सोडायला गच्चीवर गेले न्हाई. तुम्ही म्हणायचा, "कॅलेंडर छापणाऱ्याला तुमच्या गच्चीवरचं काय ठावं?" आन् मी म्हणायची, "तुम्हाला तरी अमेरिकेतलं काय ठावं होतं, गेला तरी की न्हाई?" ह्याचा निकाल लागलाच न्हाई. पुढच्या भेटीत लागंल, असं दोघींना वाटायचं.

तुम्ही परत आल्यावर मंगलनं बी संकष्टी धरली. का धरली, कुणी तिला विचारलं न्हाई. तिकडं चंद्र उगवायचा रात्री, तवर नोकरी, पोर, स्वयंपाक, पोरगी थकून जायची. तुम्ही तोड काढली. "तू जन्मली दौंडात, तुझा चंद्र दौंडचा. मी बघंन, तुला सांगंन, तू जेव." आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ, तिच्याकडं सकाळचे अकरा. मी हसून हसून बेजार. "अहो, हा उपास का न्याहारी?"

तुम्ही चिडला. "तिला जाताना साडेधा तास मिळाल्यात ना? ते तिच्यापाशीच हायेत. ती परत कुठं आलीय? माझे बघा, येताना काढून घेतले. रविवारी दुपारी निघाले तर सोमवारी रात्री मुंबईत उतरवलं मला."

"असे तास काय कनवटीला बांधून ठेवता येतात?"

"मग ती आपल्या मागं कशी? आपला सूर्य उगवल्यावर तिचा मावळतो. म्हंजी तिच्यापाशी एवढा वेळ शिल्लक हाय."

त्यात थंडीत तिकडं घड्याळं तासभर मागं करतात हे कळल्यावर तर तुम्ही कपाळालाच हात लावला. साडेधाचे साडेअकरा! मी तुम्हाला समजावत राहिले, तुम्ही मला समजावत राहिला, आन् खरं सांगू का, माझ्याही मनात कुठंतरी ते बसलं. पोरगी मागं हाय म्हंजी तिच्यावर येणारं आधी आपल्यावर येणार, आपण ते हितंच थोपवू. मला ते बरं वाटायचं. तुम्हाला बी तेच वाटायचं का? विचारायचं राहिलं.

तवापासून दर संकष्टीला मंगलचा फोन दौंडला. तुम्ही गच्चीवरनं उतरून यायचा, धापा टाकत म्हणायचा, "दिसला गं, जेव," आन् कसा दिसला ते सांगायचा. तांबडा हाय, मळलेला हाय, कुरकुंभच्या कारखान्यांच्या धुरातनं आलाय, आज लई उशिरा आला मेला. मग ती जेवायची.

बारा-पंधरा दिवसांखाली तुम्ही शिरूरला आला होता, बाळंतशेपा, ओवा आन् घोंगडीचा तुकडा घेऊन. तुमच्या वडलांच्या घोंगडीचा, चौकोनी कापलेला, कडा शिवलेल्या. जन्मल्या जन्मल्या बाळाच्या अंगाखाली घोंगडीच पाहिजे, हा तुमचा हट्ट. मी म्हणलं, विमानतळावर वास घेऊन टाकून देतील. तुम्ही म्हणाला, "ओमच्या बारीला न्हाई टाकला, आता का टाकतील?" संध्याकाळी स्टँडवर सोडायला आले तवा गाडी हलल्यावर तुम्ही खिडकीतनं काहीतरी म्हणाला. आवाजात कळलं न्हाई. मी आपली मान हलवली, हो हो म्हणून. आता बसून विचार करते, मी कशाला हो म्हणले असंन?

शुक्रवारी पहाटे तुम्ही पाणी तापवायला उठला आन् चुलीपुढं बसल्या जागीच गेला. आम्ही जीप करून निघालो. न्हावरा गेला, चौफुला गेला, पाटस गेलं, एवढ्या लवकर मी दौंडला कवाच पोचले नव्हते. तुम्हाला बघितलं आन् पहिलं मनात काय यावं? की तुम्हाला सांगावं, बघा, आज किती लवकर आले. खुळ्यावानी ते तोंडातनं निघणार होतं.

मग हे न सांगायचं ठरलं. आन् तिथून माझ्या डोक्याचा जो भुगा झाला तो अजून जुळेना. लेकीला आईचं तीन दिवस सुतक. पण गुरव म्हणाला, ऐकल्यापासून लागतं. म्हंजी आम्ही सांगत न्हाई तवर तिला सुतकच न्हाई, म्हंजी तिची आई गेलीच न्हाई. तुम्ही दौंडला न्हाई आन् शिकागोला हाय. शिरूरला काय हाय मग? शिरूरला तर तुम्हाला आम्हीच आणून ठेवलं होतं! कारण मंगलला सांगितलं, तुझी आई माझी बांधाबांध करायला शिरूरला आलीय. ती रोज फोन करायची. आई अंघोळीला गेलीय. आई बाजारात गेलीय. आईचा घसा बसलाय. माझी जीभ एवढी सराईत कशी झाली, मलाच कळेना. फोन ठेवला की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. एकदा तर दोन कप चहा ठेवला.

आन् काल संकष्टी.

संध्याकाळपासून आभाळ भरलेलं. कॅलेंडरातली वेळ झाली, मी सवयीनं नैवेद्य दाखवला, ताट वाढून घेतलं, आन् फोन वाजला.

"आत्या, आई कुठाय? दिसला का?"

आत्या म्हणते ना ती मला. मी म्हणलं, "गच्चीवर गेलीय बघायला. ढग हायेत गं."

"बरं. मग मी थांबते. भूक लागलीय, पण थांबते. अर्ध्या तासानं परत करते."

"अगं, तू पोटुशी, खाऊन घे. उगवला असंल की."

"असंल म्हणजे काय? आईनं बघू दे."

विहीणबाई, 'दिसला' म्हणायला माझं काय जात होतं? कॅलेंडरानं तो उगवलाच होता. एक शब्द बोलले असते तर पोरगी जेवली असती, पोटातलं लेकरू जेवलं असतं. इतके दिवस मी तिच्याशी खोट्यावर खोटं बोलत होते, एक आणखी. पण ते जिभेवर येईना. का ते मला सांगता यायचं न्हाई. बाकीचं समदं खोटं माझं होतं. हे एक तुमच्या तोंडचं होतं. ते तुम्ही कवा खोटं बोललाच न्हाई, भुकेनं चक्कर आली तरी. ते मी कसं नासवू?

मी ताटावर ताट झाकलं आन् जिना चढायला लागले. माझे गुडघे तुम्हाला ठाऊकच हायेत. मालक खालनं म्हणाले, "अगं कुठं निघालीस?" मी म्हणलं, "चंद्र बघायला." टीव्ही बंद केला त्यांनी.

वर कुठं काय! काळं कांबळं पसरल्यावानी आभाळ. मी कठड्याला धरून उभी. पूर्व कुठली हे सुद्धा मला आठवावं लागलं. इतक्या दिवसांत मी तुमच्यासाठी रडले नव्हते, दौंडला बी न्हाई, तिथं पोरंबाळं सांभाळायची होती. गच्चीवर आधी राग आला. मी तुम्हाला शिव्या घातल्या, खऱ्या खऱ्या, मोठ्यानं. "बये, मला हितं उभी करून कुठं जाऊन बसलीस? आता काय सांगू तुझ्या लेकीला?" अहो-जाहो सुटलं. मानाची विहीण आन् असं अरेतुरे, माफ करा. मग रडू आलं ते काही आवरेना. आन् रडताना बी एक डोळा आभाळाकडं, कारण पोरगी उपाशी.

तेवढ्यात खाली फोन वाजला. मालक ओरडले, "अगं, तिचा फोन! काय सांगू?"

"धरून ठेवा!" मी वरनं ओरडले. "धरून ठेवा, येतोय!"

आन् आला हो. शेवग्यामागं ढग फाटला आन् आला. तांबूस, मळका, वरनं चावलेला. अगदी तुम्ही सांगायचा तसा. मी हात जोडले, खरं तर कुणाला जोडले ते मला कळलं न्हाई. मग भिंतीला धरत एकेक पायरी उतरले आन् फोन घेतला.

"दिसला गं," मी म्हणलं.

"आला का एकदाचा! कसा हाय?"

"शेवग्यामागनं आला. तांबूस हाय. वरनं जरा चावल्यावानी. ढग होता, मग फाटला."

मला वाटलं, फोन कटला.

"आत्या," ती म्हणाली, "तुम्ही बघितला?"

"व्हय की. सोता बघितला."

"तुम्ही धापा टाकताय."

"जिना चढले ना."

"तुम्ही कॅलेंडरवाल्या, आत्या." तिचा आवाज बारीक झाला. "आई असती तर तुम्ही कशाला गच्चीवर गेला असता?"

इतक्या दिवसांची सराईत जीभ, एक अक्षर देईना. बाजार न्हाई, अंघोळ न्हाई, घसा न्हाई. मालक समोर उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं.

"कवा?" मंगलनं विचारलं.

"शुक्रवारी. पहाटे पाचला. चुलीपुढं बसल्या बसल्या, त्रास न्हाई झाला काही."

ती मोजत होती. मला ऐकू येत होतं ते, ओठातल्या ओठात. "म्हणजे इथं गुरुवार. संध्याकाळ. साडेसहा." मग म्हणाली, "मी ओमला न्हाऊ घालत होते. तो पाणी उडवत होता आन् मी हसत होते. आत्या, मी हसत होते तेव्हा आई होती का नव्हती?"

हे मला विचारती ती! मला, जिला पेरूचं सुद्धा कळलं न्हाई. मी म्हणलं, "बाळा, मला ठाऊक न्हाई." तुम्ही असता तर ठासून काहीतरी सांगितलं असतं. म्हणाला असता, होते की, तुझ्यापाशी साडेधा तास शिल्लक होते. चुकीचं असतं, पण पोरीनं ते धरून ठेवलं असतं. मला ते म्हणायचं होतं. तुमच्यासारखं म्हणता आलं न्हाई.

मग ती रडली. संजय ह्या आठवड्यात घरनंच काम करत होता, त्यानं फोन घेतला, म्हणाला, "आई, मी जवळ बसलोय. ठीक हाय ती. रडू दे." मी रडू दिलं. मालकांनी मला खुर्ची दिली. अमेरिकेतला फोन आन् नुसतं रडणं ऐकू येतंय, असं पुष्कळ वेळ चाललं.

मग तिनं परत फोन घेतला. नाक ओढलं. लहान पोरीगत विचारलं, "आत्या, मग मी आता जेवू का?"

"जेव," मी म्हणलं. "मी बघितलाय."

तिनं फोन ठेवला न्हाई. मी बी ठेवला न्हाई. तिच्याकडं ताट ओढल्याचा आवाज आला, चमचा वाजला, ओमनं काहीतरी मागितलं, ती त्याला म्हणाली, "थांब, आजीनं सांगितलंय, आधी मी खाते." तेरा हजार किलोमीटरवरनं ती एकेक घास खात होती आन् मी कानाला लावून बसले होते. तिचं पोटभर होईस्तोवर उठले न्हाई.

मग मी माझं ताट उघडलं. भाकरी गार झाली होती. कॅलेंडरातली वेळ कवाच टळून गेली होती.